माझ्यामागं सुजाताची पेन्शन

माहेर माझं शेलारचं आणि सासर इथं टेमघरात, म्हणजे काय सांगू तुमाला, लांब अशी मी कुठं गेलीच न्हाय, जो काय देश बघितला तो आमच्या ह्यांनी बघितला, हे मिलिटरीत व्हते. लग्न आमचं विहारात झालं, आणि अंगावरची हळद उतरली न्हाय तोवर ह्यांची सुट्टी संपली, गेले ते वर्षानं दिसले. मंग मी काय घरात बसून सासूचं तोंड बघू? कारखान्यात जायला लागली, कांडी भरायला. कापडाच्या लूमला आडवं सूत लागतं ना, ते नळीवर गुंडाळून द्यायचं, त्याला कांडी भरणं बोलतात, बायकांचंच काम ते.

तुमी कधी लूमच्या कारखान्यात गेलाय का? आत सगळे लूम एकदम खटाखट चालतात, कानाशी येऊन कोण ओरडला तरी ऐकू येत न्हाय. म्हणून तिथं कोण ओरडतच न्हाय. नुसतं तोंड हलवायचं, आवाज काढायचाच न्हाय, समोरचा ओठ बघून समजून घेतो, चाय आली, सेठ आला, तुझी सून नांदायला आली का, सगळं. ही सवय मंग जात न्हाय, बाजारात पण आमी बायका ह्या टोकाहून त्या टोकाला अशाच बोलतो आणि बघणारे हसतात.

माझी सुजाता, एकच लेक मला, ती जन्मापासून बहिरी. हे तिकडं बर्फात आणि मी इकडं हिला घेऊन दवाखाने करते. शाळेत घातली तर मास्तर फळ्याकडं तोंड करून शिकवायचे, तिला काय दिसणार, सुटली शाळा. लिहायला आमा दोघींना पण सहीपुरतंच येतं. मंग मी तिला माझ्याबरोबर कारखान्यात नेली, आणि काय सांगू, तिथं पोरगी फुलली माझी, कारण तिथं तर सगळेच बहिरे. मराठी ओठ वाचायची, हिंदी वाचायची, यूपीचे एक चाचा व्हते ते लूम अडला की मशीनला शिव्या द्यायचे, त्या पण तिला कळायच्या आणि ही लांब उभी राहून हसायची. हात तर असा चालायचा की सेठ बोलायचा, मावशी, तू घरी बस, लेकीला पाठव.

हे रिटायर होऊन आले, काल्हेरच्या गोडाऊनला वॉचमन लागले, आणि एक दिवस ड्युटीवरच छातीत दुखून गेले. पेन्शन माझ्या नावावर झाली. सरकारला मी नाव ठेवणार न्हाय, खोटं कशाला बोलू, घरपट्टी माफ हाय, मिलिटरी कॅन्टीनचं कार्ड हाय, झेंडावंदनाला पुढची खुर्ची देतात. कॅन्टीनला जायच्या दिवशी दीर, जावा, भाचे सगळ्यांना माझी आठवण येते, कोणाला मिक्सर पायजे, कोणाला बाटली पायजे. एरवी दार वाजत न्हाय. दोघी मायलेकीच आमी, पण बोलणं काय थांबायचं न्हाय आमचं, शेजारणीला वाटायचं ह्यांच्या घरात कोण न्हायच, एवढ्या गुपचूप गप्पा.

मंग माझं दुखणं निघालं, साखर वाढली, पाय सुजले, आणि मनात तेच एक यायला लागलं की मी गेल्यावर हिचं काय. सैनिकांच्या ऑफिसात गेली. तिथले साहेब पण माजी सैनिकच, चांगला माणूस, बसा बोलले, चाय मागवली. बोलले, मावशी, तुमच्यामागं पेन्शन लेकीला जन्मभर मिळू शकते, फक्त डॉक्टरांनी लिहून द्यायला पायजे की तिला स्वतःचं पोट भरता येणार न्हाय. मी पटकन बोलली, साहेब, ती तर कामाला जाते. त्यांनी चष्मा काढला. बोलले, कांडी भरून कितीसं भागतं, आणि कारखाने बंद पडतायत, मंग ती काय करेल? तिकडं डॉक्टर जे इचारतील त्याचं समजून उत्तर द्या.

सुजाताला मी एवढंच सांगितलं की पप्पांच्या पेन्शनचं काम हाय. ती खुशीत निघाली, नवा ड्रेस घातला, केसाला क्लिप लावली.

डॉक्टरांनी तिचे कान तपासले, मशीन लावून बघितलं, आणि मंग तिला माझ्या समोरच्या खुर्चीवर बसवून मला इचारायला लागले. एकटी गाडीत बसते का, पैसे कळतात का, स्वयंपाक येतो का. आणि मंग ते, की तुमच्यामागं ही एकटी जगेल का. मी पदर तोंडाला लावला. लावून बोलली, न्हाय. डॉक्टर बोलले, बाई, पंखा वाजतोय, ऐकू येत न्हाय, पदर बाजूला करून सांगा. माणूस वाईट नव्हता हो, त्याला काय माहीत. मी मान खाली घातली तर बोलले, वर बघून बोला. सुजाता माझ्या तोंडाकडंच बघत व्हती, ती नेहमीच बघते. मी पदर काढला आणि बोलली, साहेब, तिला कायच येत न्हाय. माझ्याबिगर ती जगायची न्हाय.

ती रडली न्हाय, उठली न्हाय. नुसती मान वळवली आणि भिंतीकडं बघत बसली.

येताना रिक्षात बाहेर बघत व्हती. मला वाटलं, राग हाय, उतरेल. पण त्या दिवसापासून ती माझ्या तोंडाकडं बघतच न्हाय. तुमाला वाटेल त्यात काय एवढं. अहो, बहिऱ्या माणसानं बघायचं बंद केलं म्हणजे तुमची वाचाच गेली. चिठ्ठी लिहावी तर लिहिता येत न्हाय. हनुवटी धरून तोंड वर केलं तर डोळे मिटून घेते. साहेब बोलले व्हते कामाला पाठवू नका, तरी ती दुसऱ्या दिवसापासून परत कारखान्यात जायला लागली, मी कुठल्या तोंडानं अडवू? भाजी तीच आणते, भाकऱ्या तीच भाजते, सिलिंडर ओढत आणते, माझी गोळी पाण्याच्या ग्लासाजवळ बरोबर ठेवते आणि पाठ करून भांडी घासायला बसते. मला कशाला हात लावू देत न्हाय. सगळं तिला येतं हे ती रोज दाखवते मला, आणि मी बघते, आणि घरात एक शब्द न्हाय. एवढी एकटी मी हे बर्फात व्हते तवा पण नव्हती.

आता मंजुरी आली. साहेबांनी फोन करून सांगितलं, मावशी, नाव लागलं लेकीचं, आता बिनघोर राहा. माझ्यामागं महिन्याच्या महिन्याला तिला येईल. बरं झालं, कोणाच्या दारात जाणार न्हाय ती. सुखात राहू दे तिला.

तुमी एवढा वेळ माझ्या तोंडाकडं बघून ऐकलंत म्हणून बोलली मी, न्हायतर कोणाला सांगणार. माझं जास्त काय मागणं न्हाय. पेन्शन सुरू व्हायच्या आधी, म्हणजे मी हाय तवर, एकदा तिनं वर बघावं. काय बोलायचं ते ठरवून ठेवलंय, सकाळी चाय पिताना तिच्या पाठीकडं बघून रोज बोलते, आवाज न काढता. तुला सगळं येतं, बाय. मीच तुझ्याबिगर जगायची न्हाय.