पायरीवरच्या घरची

इसामु: एवढा विचार कसला करतेस, सुएको? गप्पांचा सर्व्हर आपल्याच घरात आहे, जिन्याखालच्या कपाटात. नाव टाक, पासवर्ड टाक, झालं.

सुएको: झालं कसं? आधी नीट सांगा. तुमच्या सर्व्हरवर अकाउंट काढलं, की मला फक्त तुमच्याच माणसांशी बोलता येणार?

इसामु: नाही गं. असे हजारो सर्व्हर आहेत आणि एकावरचा माणूस दुसऱ्यावरच्याशी बोलू शकतो. ट्रामचंच समज. मालक वेगळे, डेपो वेगळे, पण रूळ जोडलेले. गाडी कुठल्याही डेपोतून सुटली तरी सगळीकडे जाते.

सुएको: निवृत्त झालात तरी ट्राम काही सुटत नाही तुमची. मग डेपो कुठला का असेना, फरक काय पडतो?

इसामु: पडतो ना. गाडी जिथे मुक्कामाला असते तिथले नियम पाळायचे. तिथलीच माणसं आधी दिसतात, आधी भेटतात. शिवाय तुझ्या नावापुढे त्या सर्व्हरचं नाव लागतं.

सुएको: लग्नानंतर लागलं तसं.

इसामु: आता हे काय मध्येच?

सुएको: काही नाही. तुमच्या सर्व्हरवर कोण कोण आहे?

इसामु: जुने ट्रामचालक आहेत, ट्रामचे फोटो काढणारे आहेत. एक तर फक्त घंटांचे आवाज टाकतो. फार सज्जन माणसं.

सुएको: म्हणूनच नको. मी काहीही लिहिलं तरी म्हणतील, 'वा वहिनी, छान.' भात करपला म्हणून सांगितलं तरी छान म्हणतील. सर्व्हर चालवणाऱ्याची बायको ना मी.

इसामु: बरं, मग एखाद्या मोठ्या सर्व्हरवर जा. लाखभर माणसं असतात. कोण कुणाची बायको, कुणी विचारत नाही.

सुएको: तिथेही नको. मी एक बघून ठेवलाय.

इसामु: कधी बघितलास?

सुएको: गेल्या आठवड्यात. तुम्ही चष्मा शोधत होतात आणि फोन टेबलावर उघडाच होता. कुणीतरी वाळत घातलेल्या रताळ्यांचा फोटो टाकला होता. खाली जो शब्द लिहिला होता ना, तो आई गेल्यानंतर मी ऐकला नव्हता. आमच्या बेटाचा शब्द. त्या माणसाच्या नावापुढे सर्व्हरचं नाव होतं, ते लक्षात ठेवलं.

इसामु: दाखव... हा? अगं, यावर पुरती चाळीस माणसं नाहीत.

सुएको: आमच्या गावात तरी कुठे होती?

इसामु: हे बघ, मी आता नवरा म्हणून बोलत नाही, सर्व्हर चालवणारा म्हणून बोलतोय. हे सगळं एकच माणूस सांभाळतोय. उद्या तो आजारी पडला, कंटाळला, की बंद. बॅकअप घेतो की नाही तेही लिहिलेलं नाही. माझ्याकडे रोज घेतला जातो.

सुएको: बंद झाला तर दुसरीकडे जाता येतं, असं तुम्हीच त्या घंटावाल्याला सांगत होतात.

इसामु: येतं, पण वेळेवर कळलं तरच. तुला फॉलो करणारी माणसं तुझ्यामागून नव्या ठिकाणी येतात. लिहिलेलं मात्र मागेच राहतं.

सुएको: आमचं अख्खं गाव असंच उठलं. शाळा बंद झाली, मग बोट बंद झाली, आणि माणसं निघाली. कोण नागासाकीला, कोण ओसाकाला. बाकी सगळं तिथंच राहिलं. मला सवय आहे.

इसामु: बरं. जा मग तिकडेच.

सुएको: रागावलात?

इसामु: रागावलो नाही. फक्त, तुझं नाव मी राखून ठेवलं होतं.

सुएको: कुठे?

इसामु: माझ्या सर्व्हरवर. सुरू केला त्याच दिवशी. आधी माझं नाव घातलं आणि लगेच तुझं. दुसरी एखादी सुएको आली असती आणि तिनं घेतलं असतं तर?

सुएको: ट्रामच्या सर्व्हरवर दुसरी सुएको कशाला येतेय?

इसामु: सांगता येत नाही.

सुएको: इतकी वर्षं एका शब्दानं बोलला नाहीत.

इसामु: तुला आपणहून वाटेल म्हणून थांबलो होतो.

सुएको: अहो, आता वाटलंय ना आपणहून. ते वेगळ्या ठिकाणचं निघालं, एवढंच. इकडे या, बसा. मला हे भरायला मदत करा. 'इथे का यायचं आहे ते बेटाच्या बोलीत लिहा,' असं विचारलंय. मी बोलते, तुम्ही टाइप करा. माझी बोटं फार हळू चालतात.

इसामु: बोल.

(सुएको बेटाच्या बोलीत तीन-चार वाक्यं म्हणते.)

इसामु: यातलं 'रताळं' तेवढं कळलं मला.

सुएको: तेवढं कळलं तरी पुष्कळ.

इसामु: हे तू बोलत होतीस? पुन्हा बोल बघू. तुझा आवाजच बदलला.

सुएको: लग्न होऊन इकडे तोयामाला आले, तेव्हा बोलायचे की. तुम्ही आणि तुमच्या बहिणी हसायचात.

इसामु: मला गोड वाटायचं म्हणून हसायचो.

सुएको: तुम्ही गोड वाटून हसताय आणि त्या कशानं हसतायत, हे वीस वर्षांच्या पोरीला कसं कळावं? मी बोलणंच सोडलं. तेच सोपं होतं.

इसामु: मला वाटलं, तू विसरलीस.

सुएको: मलाही तसंच वाटायला लागलं होतं. चला, मी अक्षर अक्षर सांगते. लिहा.

इसामु: हं... हे असं? हे अक्षर दोनदा टाकायचं?... बरं. पाठवलं. आता वाट बघायची. लहान सर्व्हरवर दोन दोन दिवस लागतात.

सुएको: मग चहा टाकते.

इसामु: सुएको.

सुएको: टाकते म्हटलं ना.

इसामु: चहा राहू दे. उत्तर आलं. तुला घेतलंय. पण हे काय लिहिलंय बघ, मला नीट लागत नाही. शिवी तर नाही ना?

सुएको: बघू... नाही हो. 'कुणाची गं तू?' असं विचारलंय.

इसामु: ओळख ना पाळख, आणि 'गं'? माझ्या सर्व्हरवर नव्या माणसाला आधी नमस्कार लिहितात.

सुएको: आमच्याकडे असंच विचारतात. बोटीतून उतरलं, की धक्क्यावरची म्हातारी पहिलं हेच विचारायची. चाळीस वर्षांत मला कुणी हे विचारलं नाही हो. इथे सगळ्यांना माहीत, इसामुची.

इसामु: अगं, डोळे पूस. मग काय लिहू? आडनाव?

सुएको: माहेरचं आडनाव सांगून काय उपयोग? निम्म्या गावाचं तेच. घराचं नाव सांगायचं असतं. लिहा, पायरीवरच्या घरची. सगळ्यांत धाकटी.

इसामु: लिहिलं. पायरीवरचं घर का म्हणायचे?

सुएको: धक्क्यावरून वर यायला दगडी पायऱ्या होत्या. अगदी शेवटच्या पायरीला आमचं दार. हिवाळ्यात आई तिथे बसून रताळी सोलायची आणि खालून येणाऱ्याजाणाऱ्याशी भांडायची.

इसामु: हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

सुएको: तुम्ही कुठे विचारलंत, कुणाची म्हणून? लग्न जुळवताना तुमच्या आत्यानं माझं सगळं लिहून आणलं होतं.

इसामु: आलं बघ पुन्हा. आता लांबलचक आहे.

सुएको: द्या इकडे. 'पायरीवरच्या मात्सुची धाकटी? तू आईच्या पाठीवर बांधलेली असायचीस तेव्हा मी तुमच्याकडे वाळवलेल्या रताळ्यांचं कांकोरो कुटायला यायचे. तुझी आई रताळ्यात काळे तीळ घालायची, तसं पुन्हा कुठे खाल्लं नाही.'

इसामु: म्हणजे हा सर्व्हर चालवणारी बाई तुझ्या आईला ओळखते.

सुएको: अहो, पण तीळ नव्हतेच. आई आलं किसून घालायची. तीळ खालच्या घरात घालायचे. लिहा, तीळ नव्हते.

इसामु: जरा गोडीनं लिहू?

सुएको: अजिबात नको. मी सांगते तसंच लिहा. 'तुम्ही खालच्या घरी खाल्लं असणार.'

इसामु: आत येऊन घटका झाली नाही आणि भांडायला लागलीस.

सुएको: मग? तुमच्या सर्व्हरवर कुणाशी भांडले असते मी? पाठवा.

इसामु: पाठवलं. हसणारं चित्र आलं बघ. खाली म्हणतेय, 'मात्सुचीच आहेस, शंका नाही.'

सुएको: वाचलं मी.

इसामु: चहा मी टाकतो. तू बस.

सुएको: साखर नको.

इसामु: माहीत आहे. सुएको, ते राखून ठेवलेलं नाव... काढून टाकू?

सुएको: राहू दे ना. जागा अडते का त्यानं?

इसामु: जागा कसली अडते. आणि माझ्या सर्व्हरवरून मी तुला फॉलो केलं तर चालेल?

सुएको: तुम्हीच म्हणालात, रूळ जोडलेले आहेत.

इसामु: तसं नाही. ती सगळी तिथे आपल्या बोलीत बोलणार. मध्येच एक ट्रामवाला दिसला, आणि त्या बाईनं विचारलं, हा कुणाचा, तर?

सुएको: सांगेन, पायरीवरच्या घरचा जावई आहे. जरा हळू बोला, भाषा शिकतोय अजून.