पॉइंट अठ्ठावीस

हारम : मुनग्यूदादा, ती पट्टी जरा खाली ठेवा ना. बोलायचंय.

मुनग्यू : बोल की, कान मोकळेच आहेत. कीबोर्ड टेबलाच्या काठापासून सात सेंटिमीटर... स्क्रीन अठ्ठेचाळीस... हं, जमलं. आता बोल.

हारम : तुमचा आकडा चुकलाय.

मुनग्यू : कुठला आकडा?

हारम : माउसच्या सेन्सिटिव्हिटीचा. पॉइंट अठ्ठावीस आता तुम्हाला फार संथ पडतो.

मुनग्यू : किती वाजले रे?

हारम : सव्वादोन.

मुनग्यू : निवड चाचणी कितीला?

हारम : तीनला.

मुनग्यू : कोणाकोणाची?

हारम : तुमची आणि माझी.

मुनग्यू : आणि मुख्य संघात जागा किती?

हारम : एक.

मुनग्यू : वा रे पठ्ठ्या! तीन वाजता ज्याच्याशी खेळायचंय, तोच पाऊण तास आधी येऊन सांगतो, दादा, माउसचा वेग बदला. अरे, सक्तीच्या लष्करी सेवेत मी दीड वर्ष बटाटे सोललेत, अक्कल नाही सोललेली.

हारम : असंच म्हणाल हे माहीत होतं मला.

मुनग्यू : तरी आलास? दोन आठवडे रोज तुझ्याशीच खेळतोय मी, ह्याच आकड्यावर. काल काय झालं?

हारम : दहा-सहा. दहा तुमचे.

मुनग्यू : परवा?

हारम : दहा-सात. तुमचेच.

मुनग्यू : मग आता मुकाट्याने तोंड धुऊन ये जा.

हारम : दादा, ह्या दोन आठवड्यांत मी कधी तुमच्या मागून आलो?

मुनग्यू : म्हणजे?

हारम : खेळात हो. तुमच्या पाठीमागून, पिस्तूल घेऊन. एकदा तरी आलो?

मुनग्यू : आला असशील. मी काय वही ठेवलीय?

हारम : नाही आलो. एकदासुद्धा नाही. दर वेळी समोरून आलो. आणि समोर आल्यावरही जरा थांबलो.

मुनग्यू : थांबलास?

हारम : श्वासभर. तेवढ्यात तुम्ही गोळी घालायचात.

मुनग्यू : हे करायला तुला कुणी सांगितलं? कोच छोई सरांनी?

हारम : कुणी नाही. तुम्ही छावणीतून आलात तेव्हा केसही वाढले नव्हते तुमचे. पहिल्याच फेरीत मी जिंकलो आणि तुमची मान लाल झाली. मला कसंतरीच झालं. तुम्ही मोठे म्हणून तुमच्यासमोर बिअर पितानासुद्धा मी तोंड फिरवतो, आणि पाठीत गोळी घालू?

मुनग्यू : रोज किती वेळा सोडलंस मला?

हारम : मोजलं नाही.

मुनग्यू : हारम.

हारम : ...चार-पाच वेळा.

मुनग्यू : म्हणजे दहा-सहा ते खरं सहा-दहा. अरे देवा. आईला रोज फोनवर सांगतोय मी, हात परत आला म्हणून. ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटलीय. लाज काढलीस रे माझी.

हारम : चुकलंच माझं.

मुनग्यू : गप्प बसला असतास आज. आयती जागा होती तुला.

हारम : आज सर बघणार आहेत, आज मला खरंच खेळायला लागणार. मागून यायला लागणार. दोन आठवडे खोटं खेळून आज अचानक खरं खेळलो, तर ती दगाबाजी झाली. कालपासून घास उतरत नाहीये माझ्या घशाखाली.

मुनग्यू : तुझा घास! आणि माझं काय? तू एकोणीसचा. आज गेलं तर पुढल्या वर्षी पुन्हा चाचणी देशील. मी सव्वीसचा आहे, मला पुढलं वर्ष नाही. कळतंय का तुला, तू काय केलंस ते?

हारम : कळतंय.

मुनग्यू : काही कळत नाही. बस तिकडे. सुरू कर. पाच फेऱ्या, खऱ्या. ह्या वेळी थांबलास ना, तर माउस फेकून मारीन.

हारम : अठ्ठावीसवरच खेळताय?

मुनग्यू : हो! त्याच्यावरच. चल... दिसला. ए! कुठून आलास?

हारम : मागून.

मुनग्यू : पुन्हा... अरे, वळू तरी दे!

हारम : नाही देणार.

मुनग्यू : ...हं. ...हं. बस कर. पाचही तुझ्या.

हारम : पट्टी द्या इकडे. हे बघा. खेळात पाठमोरं वळायला तुम्हाला माउस एकोणतीस सेंटिमीटर सरकवायला लागतो. हे माउसखालचं कापड पन्नासाचं. मधून काठापर्यंत पंचवीसच. काठावर गेलात की माउस उचलून परत मध्ये ठेवता. तेवढ्यात मी दोनदा मारलं तुम्हाला.

मुनग्यू : पूर्वीही उचलायचोच. उचलून उचलून दोन चषक आणलेत संघाच्या ह्या घरात.

हारम : तेव्हाचे नकाशे साधे होते, एका बाजूने दार. आता दोन्हीकडून आहेत. आणि दुसरं, चिडू नका.

मुनग्यू : आता काय चिडायचं उरलंय?

हारम : समोरूनही तुमचा निशाणा बोटभर अलीकडे थांबतो. रोज, आणि एकाच बाजूला. हात थरथरला तर तो दोन्हीकडे चुकेल ना? हा तसा चुकत नाही. ह्याला वाटतंय, माउस एवढ्यात पोचला असेल. छावणीत काय वापरत होतात?

मुनग्यू : संगणकखोलीतलं खटारं. आपले खेळ बंद असायचे तिथे. रविवारी फुगे फोडायचो.

हारम : फुगे?

मुनग्यू : हसू नकोस. ब्राउझरमध्ये असतो एक खेळ. अख्ख्या पलटणीत माझे फुगे सगळ्यांत जास्त.

हारम : आणि तो माउस?

मुनग्यू : सरकारी. नुसतं बोट लावलं की ह्या टोकाचा त्या टोकाला. वेग बदलायलाही बंदी.

हारम : दीड वर्ष दादा! हाताला तीच सवय लागलीय. हात बिघडलेला नाही तुमचा. त्याला जरा पळणारा माउस हवाय. छत्तीस करून बघा.

मुनग्यू : आठ घरं? चाचणीच्या आधी आकडा बदलतो त्याला वेडा म्हणतात, हे मीच तुम्हा पोरांना शिकवलंय.

हारम : हो, तुम्हीच.

मुनग्यू : आणि पॉइंट अठ्ठावीस नुसता आकडा आहे का रे? शाळेची पोरं गेमिंगच्या दुकानात बसल्या बसल्या पहिला तोच टाकायची. माझं नावसुद्धा न घेता म्हणायची, अठ्ठावीस लाव.

हारम : मीही त्यातलाच. तीन वर्षं मनगटाला पट्टा बांधून खेळलो, कारण तुमचा आकडा मला झेपत नव्हता. मग तो आकडा सोडला. कुणाला सांगितलं नाही.

मुनग्यू : ...सोडल्यावर काय झालं?

हारम : राखीव संघात घेतलं.

मुनग्यू : हं. छत्तीस म्हणालास?

हारम : चौतीसने सुरुवात करा. आधी समोरच्या भिंतीवरचे ठिपके मारा. ...अजून अलीकडेच थांबतंय थोडं. खांदा सोडा. घट्ट धरू नका.

मुनग्यू : छत्तीस टाकतो... थांब. बोलू नकोस. ...आं?

हारम : बसला?

मुनग्यू : बसला. मागून ये एकदा. ...पुन्हा ये.

हारम : दादा, तीनला पाच कमी. सर आले बघा.

छोई सर : काय, झाली का मोजमापं? मुनग्यू, हा छत्तीस काय प्रकार? आत्ता बदललास? डोकं ठिकाणावर आहे ना?

मुनग्यू : बहुतेक नाही, सर. सुरू करा.

(चाचणी संपली आहे. हारम बाहेरच्या जिन्यावर एकटाच बसला आहे.)

मुनग्यू : इथे आहेस होय. आत शोधतोय मघापासून.

हारम : सरांनी लावली यादी?

मुनग्यू : लावतायत. अजून छापली नाही. हारम, शेवटची फेरी. नऊ-नऊ होते. तू मागून आलास, मी वळलो, आणि मला वेळ मिळाला, दहावी मी मारली. खरं सांग. थांबलास तू?

हारम : जा तुम्ही.

मुनग्यू : श्वासभर थांबलास? सांगून टाक. आत्ता जाऊन माझं नाव खोडून येतो. मला फुकटची जागा नको.

हारम : नाही थांबलो! आधी मीच दाबलं. गोळी तुमच्या कानाजवळून गेली. मला जिंकायचं होतं, कळतंय का? पुसानहून आजी यायची होती पहिल्या सामन्याला. मीच मूर्ख, मीच बसून तुमचा आकडा जुळवून दिला! आणि वर विचारताय, थांबलास का? मला तुमचं तोंडसुद्धा बघायचं नाही आत्ता.

मुनग्यू : ...सरक जरा. बसू दे.

हारम : नका बसू इथे.

मुनग्यू : बरं. खालच्या पायरीवर बसतो.