आप्पांचा न गेलेला प्रश्न

काकू, आप्पांची लेकरं, सुना, आणि गावोगावहून आलेली तुम्ही सगळी मंडळी.

मला माईकवर बोलायची सवय नाही. आप्पा बोलायचे आणि मी टाइप करायचो. आज ते नाहीत आणि मला उभं केलंय. मघापासून कागद हातात धरून बसलोय. काल तीनदा लिहिला, तीनदा फाडला. आता जसं आठवेल तसं सांगतो. मधेच थांबलो तर सांभाळून घ्या.

जे ओळखत नाहीत त्यांना सांगतो. मी गोविंद. मूळचा हदगावचा. टायपिंगची परीक्षा द्यायला लातूरला आलो आणि इथलाच झालो. आप्पा पहिल्यांदा निवडून आले तेव्हा त्यांना एक टायपिस्ट पाहिजे होता. मी गेलो. त्यांनी स्पीड विचारला नाही, सर्टिफिकेट बघितलं नाही. विचारलं, "चालायला जमतं का तुला?" मी म्हटलं, हाव. मला वाटलं टपाल पोचवायचं असेल.

टपाल नव्हतं, मंडळी. आमदार मंत्र्याला प्रश्न लेखी पाठवतो आणि मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं, त्याला तारांकित प्रश्न म्हणतात. त्याची एक ठरलेली भाषा असते. अमुक अमुक हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. आणि उत्तराचीही ठरलेली भाषा असते. हे खरे नाही. अंशतः खरे आहे. माहिती घेण्यात येत आहे. प्रश्न उद्भवत नाही. ही चार वाक्यं मी इतक्या वेळा वाचलीत, की ती घरात बोलताना माझ्या तोंडात यायची. बायको चिडायची.

आप्पांचा नियम एकच होता. 'हे खरे आहे काय' असं लिहायच्या आधी ते खरं आहे का, हे आपण स्वतः जाऊन बघायचं. त्यासाठी मला चालायला जमायला पाहिजे होतं.

भूकंप झाला, गावं बसली, नवीन गावं उभी राहिली. सरळ रस्ते, एकसारखी घरं, माणूस स्वतःच्या घराला चुकायचा. त्यातल्या एका गावातून कलावतीबाई म्हणून एक बाई आमच्याकडं आल्या. मालक भूकंपात गेलेले. स्वतःचा हात ढिगाऱ्याखाली अडकलेला, मोडलेला. हाताची जखम वर्षं झाली तरी भरत नव्हती. नव्या गावात दवाखाना बांधला होता, पण नर्स नव्हती. पट्टी बदलायला ही बाई चालत तालुक्याला जायची.

आप्पा म्हणाले, "चल."

आम्ही गेलो. इमारत चांगली होती, पाटी चांगली होती. दाराला कुलूप, आणि कुलपावर कोळ्याचं जाळं. आप्पांनी ते बघितलं. पाठीमागून एक फेरी मारून आले, खिडकीतून आत बघितलं. मला म्हणाले, लिही.

प्रश्न गेला. उत्तर आलं, हे खरे नाही, सदर ठिकाणी परिचारिका नियुक्त आहे. मी गॅलरीत बसलो होतो त्या दिवशी. आप्पा उपप्रश्नाला उभे राहिले. म्हणाले, "अध्यक्ष महोदय, परिचारिका नियुक्त आहे, मला मान्य. ती बसते कुठं, तेवढं मंत्रिमहोदयांनी सांगावं. कारण दाराला कुलूप आहे आणि कुलपावर कोळ्याचं जाळं आहे. मी परवा बघून आलोय."

सभागृह हसलं. मंत्रीसुद्धा हसले. चौकशी करतो म्हणाले. पुढचा प्रश्न पुकारला गेला.

बाहेर आल्यावर मला वाटलं आप्पा खूश असतील. ते कठड्याला टेकून उभे होते. मला म्हणाले, "हसले रे लोक. मी विनोद केला का?"

नर्स यायला अजून दोन अधिवेशनं गेली. दोन वेळा तोच प्रश्न, तीच भाषा, दोन वेळा तेच टपाल. नर्स आली तेव्हा आम्ही कलावतीबाईंना भेटायला गेलो. बाई म्हणाल्या, "आली बाई एकदाची. आता औषध कधी येणार हाय, तेबी इचारा." आप्पांनी खिशातून डायरी काढली आणि लिहून घेतलं. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा दमल्यासारखं झालं होतं.

हे मी का सांगायलोय? आप्पांची तारीफ करायला नाही. ती इथं सकाळपासून सगळ्यांनी केलीय. पुढची गोष्ट सांगायची तर ही आधी सांगावी लागते. म्हणजे तुम्हाला कळेल, की आमच्या ऑफिसातून निघणारा एक कागद काय होता आणि त्यावर माणसं किती भरवसा ठेवायची.

मंडळी, नंतर या शहरात क्लासेस आले. तुम्हाला मी काय सांगणार. बघता बघता गल्ल्या बदलल्या. ज्याच्याकडं चार खोल्या होत्या त्यानं वर चार चढवल्या. नांदेड, हिंगोली, परभणी, कुठून कुठून पोरंपोरी आल्या. डॉक्टर व्हायचं, इंजिनिअर व्हायचं. घराघरात हॉस्टेल, घराघरात मेस.

बिलोलीचे एक मास्तर होते. दिगंबर मास्तर. त्यांची मुलगी सुनंदा इथं बारावीला होती. मास्तर एका दुपारी ऑफिसात आले आणि टेबलावर पाण्याची बाटली ठेवली. म्हणाले, "पोरी हे पाणी पितात." पाणी गढूळ होतं, वास होता. आप्पांनी मला गल्लीत पाठवलं. मी घरं बघितली. टाक्या जमिनीखाली, शेजारून गटार. कोण तपासतं म्हणून चार ठिकाणी विचारलं. कोणी नाही.

आप्पा म्हणाले, "एक टाकी साफ करून काय व्हतं? ह्या हॉस्टेलांची नोंद कुठं हाय, तपासणी कोणाकडं हाय, ते विचारायला पाहिजे." मी प्रश्न टाइप केला. आप्पांनी मास्तरांना निरोप दिला, प्रश्न टाकलाय, येत्या अधिवेशनाच्या यादीत लागेल. मास्तर मुलीला दुसरीकडं हलवणार होते. ते थांबले. म्हणाले, आप्पांनी प्रश्न टाकलाय म्हणजे होईल काहीतरी.

आता जे सांगणार आहे ते आप्पांनी कधी घराबाहेर कोणाला सांगितलं नाही. काकूंना माहीत आहे. मी काकूंना विचारूनच उभा राहिलोय.

सुनंदा राहायची ते हॉस्टेल माझ्या मेहुण्याचं होतं. बायकोच्या सख्ख्या भावाचं. मी आप्पांना ते बोललो नव्हतो. मुंबईला जायच्या आदल्या दिवशी मेहुणा घरी आला. जेवला. हात धुताना म्हणाला, "दाजी, एवढा एक प्रश्न राहू द्या. टाकी मी चार दिवसांत साफ करून घेतो. ह्याचा बोभाटा झाला तर पोरी निघून जातील. मी सगळं त्यात घातलंय." बायको दारात उभी होती. माझ्याकडं बघत राहिली.

मी प्रश्नांचा गठ्ठा घेऊन मुंबईला गेलो. तो एक कागद माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये राहिला. राहिला नाही. मी ठेवला.

मेहुण्यानं टाकी साफ केली नाही. मीही परत जाऊन बघितलं नाही. चालायला जमतं म्हणून मला ठेवलं होतं, आणि दहा मिनिटांवरच्या गल्लीत मी गेलो नाही.

पावसाळ्यात कावीळ आली. त्या गल्लीत बऱ्याच मुली आजारी पडल्या. सुनंदा त्यात होती. मास्तर येऊन तिला घेऊन गेले. आप्पा म्हणाले, आपला प्रश्न लागतोय, आता धरतो मंत्र्याला. आणि यादी काढून बसले. विधान भवनातून दोन याद्या येतात. स्वीकारलेले प्रश्न आणि नाकारलेले प्रश्न. आप्पांनी दोन्ही याद्या बोट ठेवून वाचल्या. एकदा, दोनदा.

"गोविंद, हॉस्टेलचा प्रश्न ह्यात बी न्हाई आन् त्यात बी न्हाई."

मी म्हटलं, "टपालात गहाळ झाला असेल आप्पा."

"टपाल तूच घेऊन गेला होतास."

मी ड्रॉवर उघडला आणि कागद त्यांच्यासमोर ठेवला. म्हटलं, मेहुण्याचं हॉस्टेल आहे. आप्पांनी तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, जसा काही दुसऱ्या कोणाचा आहे. मग चष्मा काढला. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

म्हणाले, "मला सांगायचं होतंस, मेहुणा हाय म्हणून. मी त्याच्या घरी जाऊन बसलो असतो. टाकी साफ झाल्याबिगर उठलो नसतो. तू मला बी विचारलं न्हाईस आन् मंत्र्याला बी विचारू दिलं न्हाईस."

दुसऱ्या दिवशी आम्ही बिलोलीला गेलो. सुनंदा बाजेवर बसली होती, अंगावर शाल, डोळे पिवळे. उशाशी फिजिक्सचं पुस्तक होतं. मास्तरांनी चहा दिला. आप्पा म्हणाले, "मास्तर, प्रश्न गेलाच न्हाई. आमच्याकडून राहिला." आमच्याकडून. माझं नाव घेतलं नाही. मास्तर म्हणाले, "असू द्या आप्पा. पोरगी वाचली." माझ्या हातात चहाचा कप होता. मला तोंड होतं. मी बोललो नाही.

त्या वर्षी सुनंदानं परीक्षा दिली नाही. उन्हाळ्यात मास्तरांनी तिचं लग्न करून दिलं. आम्हाला पत्रिका आली. आप्पा गेले. मी गेलो नाही.

बिलोलीहून येताना जीपमध्ये मी आप्पांना म्हटलं होतं, मी नोकरी सोडतो. आप्पा बाहेर बघत होते. म्हणाले, "सोडून तू मोकळा व्हशील. उद्या तो प्रश्न टाइप कोण करणार हाय?"

मी टाइप केला. नागपूरच्या अधिवेशनात तो लागला. उत्तर आलं, अंशतः खरे आहे. आप्पांनी उपप्रश्न विचारले, तपासणीचं आश्वासन मिळालं. पथक आलं, टाक्या उपसल्या, काही हॉस्टेलं बंद झाली. त्यात मेहुण्याचं होतं. दोन वर्षं माझी बायको भाऊबीजेला माहेरी गेली नाही. आणि या शहरातले खोल्यावाले, मेसवाले, क्लासवाले, सगळे आप्पांच्या विरोधात गेले. आपल्याच गावाची बदनामी करायला निवडून दिलं का, असं चौकात बोलत होते. पुढच्या वेळी आप्पांचं तिकीट कापलं गेलं. यात नवल काहीच नाही. आप्पांनाही वाटलं नाही.

त्यानंतरची वर्षं तुम्ही बघितलीत. आमदारकी गेली, प्रश्न थांबले नाहीत. आप्पा लिहायचे, मी टाइप करायचो, आणि जो कोणी निवडून आलेला असेल त्याच्याकडं आम्ही घेऊन जायचो. कोणत्याही पक्षाचा असो. काहीजण विचारायचे. काहीजण चहा पाजून कागद ठेवून घ्यायचे. बाहेर आल्यावर आप्पा जिन्यावर जरा बसायचे. मी विचारायचो, आप्पा, कशाला? ते म्हणायचे, "दम घ्यायलोय, दुसरं काय." एवढंच.

आज सकाळी या दारात एक बाई माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "काका, ओळखलं का? मी सुनंदा. बिलोलीच्या मास्तरांची." मास्तर आता नाहीत. मी त्यांना बाजूला नेलं आणि सगळं सांगितलं. ड्रॉवरसकट सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाबा नेहमी म्हणायचे, प्रश्न राहिला. मला वाटायचं सरकारनं उत्तर दिलं नाही. इतकी वर्षं मी सरकारवर राग धरला." आणि आत जाऊन बसल्या.

त्या समोर बसल्या आहेत. उठून गेलेल्या नाहीत. त्याचा अर्थ मी लावत नाही. माफी मागायचा हक्क मला आहे का, तेही मला कळत नाही. पण आप्पा 'आमच्याकडून' म्हणाले होते, आणि त्यांच्या पाठीमागं तो शब्द तसाच राहू द्यायचा नव्हता. ताई, तो माझ्याकडून राहिला. आप्पांकडून नाही.

आता संपवतो. काल काकूंनी मला बोलावलं. म्हणाल्या, "गोविंद, उद्या सगळे म्हणतील ते शेवटपर्यंत लढले. तू तसं म्हणू नको. ते लढत नव्हते. लई थकले होते. मी रोज बघत होते. कागद पुढ्यात घेऊन बसायचे, पेन उघडायचे, परत मिटायचे, परत उघडायचे. तेवढं सांग. थकल्यावर बी बसायचे, तेवढं सांग."

काकू, सांगितलं.

मंडळी, ज्यांना उभं राहणं जमेल त्यांनी उभं राहावं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसूनच राहावं, आप्पांना चाललं असतं. दोन मिनिटं आपण कोणीच काही बोलू नये.