सेट पाचाचाच असतो!

...आणि वर मलाच विचारतात, तोंड का पाडलंयस म्हणून! अहो, तोंड पाडू नको तर काय करू, तुम्हीच सांगा! ज्या प्लेटा मी धुते, मी पुसते, तान्ह्या बाळासारख्या दोन्ही हातांनी उचलून कपाटात ठेवते, त्यात अख्खं घर जेवतं, आणि मी? मी स्टीलच्या ताटात! का? तर पहिल्या दिवशीच सांगितलं, सेट पाचाचाच असतो!

थांबा, नीट सांगते. माझे सासरे वजनमापे खात्यात होते. जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासले, निवृत्त झाल्यावर करायचं काय? तर जुन्या बाजारात हिंडायचं आणि जुनी जपानी भांडी घरी आणायची. आणा बापडे, कुणी नको म्हटलंय? पण कपाटात शोभेला ठेवतील तर शपथ! "वस्तू वापरली तरच जिवंत राहते," हे असं डोळे मिटून म्हणतात. तर या पाच प्लेटा. पांढऱ्यावर निळं काम, प्रत्येकीवर एक करकोचा, कुठे उडतोय, कुठे एका पायावर उभा. घरात माणसंही पाचच: सासरे, सासूबाई, नवरा, दीर, नणंद. ज्याचा त्याचा करकोचा ठरलेला. आणि मग मी आले लग्न होऊन.

पहिल्याच जेवणाला सासूबाई गोड हसून म्हणाल्या, "तू अजून नवी आहेस ना, हात बसू दे." आणि सासऱ्यांनी शास्त्र सांगितलं, "जपानात सेट पाचाचाच असतो. सहावी प्लेट नसतेच!" म्हणजे जशी काही मीच चुकून जन्माला आले!

बरं, जेवायला हात बसायला हवा, पण धुवायला? तिथे बसलेलाच होता की! सिंकमध्ये आधी टॉवेल अंथरायचा. घासणी नाही, मऊ फडकं. पाणी कोमट. "कोमट म्हणजे कोमट, अगं, गरम नव्हे!" सासरे मागे उभे. प्लेट धुऊन झाली की तीन बोटांवर तोलून नखाने टिचकी मारायची. टिंऽऽग! "ऐक, नाद कसा आहे! तडा गेला की बद्द वाजते." मला टिचकी मारून बघा म्हणावं एकदा, कशी वाजते ती!

मग नणंदेचं लग्न ठरलं. खोटं कशाला बोलू, तिच्यापेक्षा मला जास्त आनंद झाला. म्हटलं, एक करकोचा मोकळा झाला! ती गेली त्याच आठवड्यात मी हौसेने टेबल मांडलं, तिची प्लेट माझ्यापुढे घेतली... सासूबाईंनी घासच खाली ठेवला. "अगं, ती तिची आहे. ती माहेरी येईल तेव्हा?" अहो, येईल तेव्हा धुऊन देईन ना! धुतेय कोण? पण नाही. ती प्लेट कपाटात रिकामी बसली, आणि मी स्टीलमध्ये.

ती आली, जावयांना घेऊन आली. जावयांना स्टील कसं द्यायचं? दिली माझ्या नवऱ्याची प्लेट! त्या दिवशी तो माझ्या शेजारी स्टीलच्या ताटात जेवला. एक दिवस हो, फक्त एक दिवस! तर झोपताना म्हणतो कसा, "मला आज अगदी परक्यासारखं वाटलं गं." अशी तळपायाची आग मस्तकात गेली! म्हटलं, असं वाटतं होय? मला बाई कल्पनाच नाही!

पुढे दिराचं जमलं. मुलीकडची मंडळी जेवायला आली. सासरे रंगात आले. स्वतःचीच प्लेट उचलली, "नाद ऐका, नाद!" आणि नखाने भागेना म्हणून मारला की हो चमचा! टक्क! दोन तुकडे. अर्धा करकोचा सासऱ्यांच्या हातात, अर्धा भातात. आणि सासूबाईंनी बघितलं कुणाकडे? माझ्याकडे! "धुताना आधीच तडा गेला असेल." कप्पाळ माझं!

आता उरल्या चार. आणि चार म्हणे तिकडे अशुभ, चाराचा सेट मांडतच नाहीत. चारी गेल्या कपाटात, घर आलं स्टीलवर. काय सांगू, ते जेवण काय गोड लागलं मला! सासरे मात्र सुतकी चेहऱ्याने ताटात भात चिवडत बसायचे. शेवटी कुठल्याशा लिलावातून नवा सेट घेऊन आले. जुना जपानीच, पण परदेशी गिऱ्हाइकांसाठी बनवलेला. आणि किती? सहा! सहा हो! मी तिथेच उभ्या उभ्या डोळे पुसले. नणंदेची एक राखीव धरली तरी एक माझी! प्रत्येकीवर वेगळं चित्र, त्यातली होडीची घेतली मी. जेवले त्यात. भात जरा लवकर गार होतो, पण म्हटलं होऊ दे, माझ्या प्लेटमध्ये गार होतोय ना!

आणि दिराचं लग्न झालं. जाऊबाई आल्या. पहिलं जेवण. सासूबाईंनी माझ्यापुढची होडी उचलली आणि तिच्यापुढे ठेवली. मी म्हटलं, "अहो आई, ती नवी आहे ना? हात बसायचाय तिचा!" तर म्हणतात, "म्हणून तर धुवायचं तूच बघ. पण जेवायला स्टील दिलं तर तिला परकं वाटेल गं. तू काय, घरचीच!"

घरची! एवढी वर्षं हा एक शब्द ऐकायला कान आसुसले होते माझे. मिळाला, तो स्टीलच्या ताटाबरोबर!

जाऊबाई बिचारी चांगली आहे हो. हळूच म्हणाली, "ताई, तुमची प्लेट कुठेय?" म्हटलं आता सांगतेच, पहिल्यापासून सगळं सांगते. तोंड उघडलं, आणि माझ्याच तोंडून काय निघावं?

"अगं, सेट सहाचाच असतो!"