पानावरचा पाहुणा

टाळ जरा खाली ठेवा मंडळी. मृदंगवाल्यांनीही हात पुसून घ्या, घाम आलाय. आता आख्यान! आणि आख्यानाच्या आधी एक प्रश्न — उत्तर लगेच द्यायचं नाही, नाहीतर मला पुढं कामच उरणार नाही.

प्रश्न असा. घरी पाहुणा आला. त्या पाहुण्याच्या जिवावर आपण चार पैसे कमावले. तर ते पाप की पुण्य?

पुढच्या ओळीतले आजोबा मान हलवतायत — पाप, पाप! आणि मागं बसलेली तरुण मंडळी एकदम गप्प. का गप्प? सांगू का? येताना बोर्ड वाचलाय मी! धरणाच्या काठाला नव्या कोऱ्या बोटी, आणि वर बोर्ड — ‘परदेशी पक्षी अगदी जवळून दाखवू. खात्रीशीर.’ खात्री तुम्ही दिलीत, पण पक्ष्यांना विचारलंय का?

असू द्या. आणि हो, मंडपाला भोंगे बाकी जोरदार लावलेत. एक गावाकडं, एक रस्त्याकडं, ते समजलं. पण तो एक थेट पाण्याकडं तोंड करून लावलाय, तो कुणासाठी? मासे बसलेत कीर्तनाला? तेही असू द्या. त्याचं नंतर बघू. ऐका.

आपल्याच धरणाच्या फुगवट्यावर, वरच्या अंगाला शिरसवाडी म्हणून गाव. तिथं नवनाथ केवटे नावाचा एक भोई. भोयाचं पोरगं म्हणजे चालायच्या आधी पोहणारं! जाळं टाकावं तर नवनाथनं, नाव हाकावी तर नवनाथनं. आणि जिभेला धार अशी की बाजारात चिलापी विकताना गिऱ्हाइकाला मासा कमी आणि गोष्टी जास्त विकायचा. बायको सिंधू. ती कमी बोलायची. कमी बोलणाऱ्या बायकोला घाबरावं मंडळी, ती साठवून ठेवत असते!

तर थंडी सुरू झाली की शिरसवाडीच्या उथळ पाण्यात पाहुणे यायचे. लांबून यायचे, देश ओलांडून. उंच पाय, लांब मान, अंगावर गुलाबी झाक — अग्निपंख म्हणतात त्यांना. आणि त्यांची जेवायची रीत बघा! मान खाली, डोकं उलटं, चोच चिखलात, आणि चिखल गाळून त्यातलं बारीक बारीक खायचं. तास न् तास खाली मान. आपल्यातही खाली मान घालून बसणारे आहेत म्हणा, पण त्यांच्या हातात मोबाईल असतो!

हे पाहुणे बघायला शहरातनं माणसं येऊ लागली. नवनाथनं नावेला इंजिन बसवलं, शिटांवर गाद्या टाकल्या, धंदा सुरू. इथवर काही वाईट आहे का? काही नाही. भोयानं माणसं पलीकडं न्यायची हे तर जुनंच काम.

पण एके दिवशी एक गिऱ्हाईक म्हणालं, “अहो, हे नुसतेच उभे आहेत. उडत नाहीत का?”

नवनाथनं वल्हं उचललं आणि नावेच्या फळीवर आपटलं. फाड! सगळा थवा उठला की हो! आणि उठताना पंख उघडले, तर आत लालभडक रंग! आभाळाला कुंकू लागल्यासारखं झालं. नावेतली माणसं उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. उतरताना खुश होऊन वर बक्षिसी.

झालं. नवनाथला वाटलं, आपल्याला विद्या सापडली!

मग दर फेरीला वल्हं, दर फेरीला फाड. लोक लांबनं विचारत यायचे — तो उडवणारा नवनाथ कुठं भेटेल? त्याचं बघून सगळ्यांनीच सुरू केलं. पक्षी बिचारे उडायचे, पलीकडं बसायचे, चोच चिखलात घालतात न घालतात तोवर दुसरी नाव हजर. फाड!

आणि हंगाम अर्ध्यावर असताना एका सकाळी नवनाथ गिऱ्हाईक घेऊन गेला, तर पाणी मोकळं. एक पीस तरंगत होतं. तेवढंच.

गाव बसलं की हो! बोटी काठाला पालथ्या, भज्यांच्या कढया थंड. सिंधूनं घरात जेवणाची खानावळ काढली होती, तिथं मांजर सोडून कोणी येईना. चावडीवर बैठक भरली. एक म्हणाला, पाणी वाढलंय म्हणून गेले. दुसरा म्हणाला, पलीकडच्या गावानं काहीतरी खायला टाकून पळवले. एका सदस्यानं तर कमालच केली. म्हणाला, “प्लास्टरचे करून घेऊ, गुलाबी रंग मारू, पाण्यात उभे करू. लांबनं कुणाला कळतंय?” हसू नका! त्या ठरावाला अनुमोदनसुद्धा मिळालं होतं.

नवनाथ सगळ्यात मोठ्यानं बोलत होता. “पाखराची जात, लहरी! येतील परत.” पण घरी आला की ओट्यावर बसून पाण्याकडं बघायचा. आतनं त्याला भीती वाटत होती. जाळी त्यानं विकून टाकली होती, मासेमारी सुटली होती. पाहुणे आले नाहीत तर नाव सोडून कुठंतरी कारखान्याच्या दारात उभं राहायची पाळी. पाण्यावर जन्मलेल्या माणसाला ते मरणच.

वर्ष फिरलं. पुन्हा थंडी पडली. आणि एके दिवशी दुपारी शेजारचा महादू ओरडत आला, “नवनाथ, आले रं! थोडेच हायती, पण आले!”

नवनाथ उठला, वल्हं खांद्यावर टाकलं. “फोन लाव गिऱ्हाइकांना! आत्ता फेरी मारतो!”

सिंधू चुलीपासनं म्हणाली, “आधी दोन घास खाऊन घ्या. चिलापी तळलीय.”

आता तळलेल्या चिलापीला नाही म्हणणारा भोई अजून जन्मायचाय! बसला. पुढ्यात गरम भाकरी, तुकडी, कांदा. पहिला घास तोंडाशी नेला आणि सिंधूनं उलथनं उचलून परातीवर हाणलं. फाड!

नवनाथ ताडकन उभा! “काय झालं? साप हाय का?”

दारात शेजारच्या बायका उभ्या. टाळ्या वाजवतायत! एकीनं मोबाईल काढलेला.

“काही झालं न्हाई,” सिंधू म्हणाली. “तुमी उठताना कसं दिसता ते ह्यांना बघायचं होतं. बसा, जेवा.”

नवनाथ ओशाळं हसला, बसला. तुकडी मोडली. फाड! पुन्हा उभा! बायका म्हणतात, “अगं, ह्या वेळी नीट दिसलं न्हाई, परत एकदा!”

“सिंधे, येड लागलं का तुला?”

“जेवा की. कोण नको म्हणतंय?”

तिसऱ्यांदा फाड झालं तेव्हा त्याच्या हातातनं घास खाली पडला. आता मात्र नवनाथ लाल झाला. “अगं, काय रीत हाय का न्हाई? जेवणाऱ्याला पानावरनं उठवत्यात का? वैरी जरी दारात आला तरी थांबतो!”

खरं आहे की नाही मंडळी? आपल्यात भांडायला आलेला माणूससुद्धा ओट्यावर थांबतो. म्हणतो, जेवून घ्या, हात धुवा, मग तुमच्याकडं बघतो! अशी आपली रीत.

नवनाथनं पायात चप्पल घातली. “मी चाललो आक्काकडं. तिथं तरी सुखानं जेवीन!”

आणि सिंधू शांतपणे म्हणाली, “व्हय. मागल्या साली त्यांनीबी असंच म्हटलं आसंल.”

एक पाय उंबऱ्याच्या बाहेर, एक आत. नवनाथ तसाच उभा राहिला. समोर पाणी दिसत होतं. त्यात लांबवर ते थोडेसे पाहुणे, मान खाली घालून जेवत होते. मंडळी, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणी मारलं नाही, कुणी शिव्या दिल्या नाहीत, पण त्याला कळलं. एवढ्या लांबनं कोणी उपाशी येतो, आपल्या दारात पान मांडून बसतो, आणि आपण त्याला टाळ्यांसाठी उठवतो!

वल्हं त्यानं भिंतीला टेकवलं. मग परत आत येऊन जेवला. चिलापी वाया घालवायची नसते!

संपलं का आख्यान? अहो, खरी परीक्षा तर पुढंच असते. त्यानं उथळ पाण्याच्या अलीकडं बांबू रोवला आणि वर सिंधूचं जुनं लाल लुगडं बांधलं. इथनं पुढं इंजिन बंद. बांबूनं रेटत जायचं, लांब थांबायचं, आवाज करायचा नाही.

बाकीचे नाववाले ऐकतात होय? महादूच पुढं आला. “वा रं वा! उडवून उडवून तू नाव कमावलंस, आन आता आमाला ब्रह्मज्ञान?”

नवनाथनं मान खाली घातली. म्हणाला, “बरोबर हाय तुझं. हा पूर्ण हंगाम माझी नाव सगळ्यांच्या शेवटी लागंल. आधी तुमच्या बाऱ्या. उरलं तर माझं. पण लुगड्याच्या पुढं इंजिन नको.”

जो पहिला पळायचा, तो शेवटी उभा राहतो म्हणाला! महादू म्हणाला, “बघू महिनाभर.”

आणि शेवटच्या बारीला नवनाथच्या वाट्याला कोण यावं? गॉगल लावलेली मोठी पार्टी. हातभर लांब कॅमेरे. लुगड्यापाशी इंजिन बंद केलं तसा त्यातला एकजण म्हणाला, “उडवा ना काका. वेगळे पैसे देतो.”

“जेवतायत ते.”

“मग?”

“जेवताना उठवत नसत्यात.”

पार्टी चिडली. नाव फिरवायला लावली, पैसे न देता उतरली. काठावर उभे असलेले सगळे बघत होते. नवनाथ रिकाम्या हातानं घरी आला. सिंधूनं पान वाढलं, आणि त्या दिवशी घरात परातीला परात लागणार नाही एवढी काळजी घेतली.

पुढच्या आठवड्यात एक म्हातारं जोडपं आलं. बाई कुठल्याशा शाळेतनं निवृत्त झालेल्या. त्या म्हणाल्या, “आम्हाला घाई नाही हो.” अहाहा, काय शब्द आहे! हा शब्द ऐकायला देवसुद्धा आतुर असतो, कारण त्याच्या दारातही सगळे घाईतच येतात!

नाव उभी. कोणी बोलेना. पाणी हलेना. आणि ते पक्षी, मान खाली घालून, चिखल गाळत, एकेक पाऊल टाकत अलीकडं सरकायला लागले. नावेला कोणी भिईना! इतके जवळ आले की त्यांचा जेवतानाचा गलबला ऐकू यायला लागला. बाईंनी नवऱ्याचा हात धरला. आणि मग पोटं भरली तसा सगळा थवा आपल्या मर्जीनं, एकदम, डोक्यावरनं उठला. तोच लाल रंग! पण ह्या वेळी टाळी वाजली नाही. बाईंनी हात जोडले होते. नवनाथनंही जोडले.

ते जोडपं त्या दिवशी परत गेलंच नाही. सिंधूकडं जेवलं, महादूकडं मुक्कामाला राहिलं, सकाळी पुन्हा नावेत बसलं. पुढच्या खेपेला नातेवाईक घेऊन आलं. आधी माणूस यायचा, फाड बघायचा आणि निघून जायचा. आता माणूस थांबायला लागला. फेऱ्या कमी झाल्या, डिझेल कमी लागलं, आणि घराघरात चूल पेटायला लागली. महिना झाला, दोन झाले, लाल लुगडं तिथंच. उन्हं तापेपर्यंत पाहुणे राहिले. जाताना थवा केवढा झाला होता म्हणता! आणि पुढच्या साली महादूनं आपणहून सांगितलं, “नवनाथ, तुझी नाव पहिली लाव.”

तर आता प्रश्नाचं उत्तर द्या. पाहुण्याच्या जिवावर कमावणं पाप का? आजोबा, आता मान का हलत नाही? अहो, नफा वाईट नाही! मी काय बिदागी न घेता आलोय? तुमच्या अध्यक्षांना विचारा, येण्याआधीच बोलणी झालीत! पाहुण्याच्या पानाशेजारी आपलं पान मांडा, पोटभर जेवा. पण त्याच्या पानावर पाय देऊन स्वतःचं पान मांडायला गेलात, तर आज त्याचं जाईल आणि उद्या तुमचं जाईल. कमाई देणाऱ्याची भूक आधी. एवढंच आख्यान.

हे शिरसवाडीला सांगायचं नाही, त्यांना कळलंय. हे तुम्हाला सांगायचंय, बोर्डवाल्यांनो! खात्री द्यायचीच असेल तर गिऱ्हाइकाला देऊ नका, त्या पक्ष्यांना द्या.

आता काला फुटेल, मग महाप्रसाद. पंगत बसेल. वाढपी मंडळींनो, कुणाला घाई करून उठवू नका हं. पण त्याच्याही आधी एक काम आहे. तो पाण्याकडं तोंड केलेला भोंगा. कोणी लावलाय? उभं राहायला लाजू नका. जा, त्याची वायर काढा. माझा आवाज थोडा कमी गेला तर बिघडत नाही.

हां. झालं? आता सगळे गप्प बसा. टाळ वाजवू नका. ऐका जरा, पाण्याकडनं आवाज येतोय. येतोय ना?

तोच तो गलबला. जेवतायत.

चला, आता विठ्ठलाचं नाव घेऊ. पण हळू आवाजात घ्या मंडळी. पाहुणे पानावर आहेत.