निळी पट्टी

लक्ष्मणराव : कापलीच आहे कोणी. हे पाह्य रीना, मळणी मशीनची पिन. सुरू करून घडीभर नाही झाली, तर खाडकन ड्रम बंद. अशी साफ तुटते का आपोआप?

ललिताबाई : अन् हे निळं काहून पडलं?

लक्ष्मणराव : तेच तर! ग्रायंडरनं तापलं का लोखंड निळं होते. गावात ग्रायंडर कोणापाशी? धनंजयपाशी. त्याच्या बापाची, म्हंजे माह्या भावाची, अन् माही बोलचाल बंद झाली, तवापासून पोरगं खुन्नस ठेवून आहे.

रीना : दादा असा नाही, बाबा.

लक्ष्मणराव : तू पॉलिटेक्निकात मशिनी शिकून राहिली ना? मंग माणसं मले पाहू दे. संध्याकाळी ठाण्यात रिपोर्ट देतो.

रीना : रेल्वेतलं काम लागून राहिलं त्याचं. पोलिसात नाव गेलं तर तेही गेलं समजा! थांबा, दोन्ही तुकडे द्या मले. हे जुळवून पाहा. ग्रायंडरनं कापली असती, तर चकतीच्या जाडीएवढं लोखंड उडालं असतं. इथं काहीच कमी नाही.

लक्ष्मणराव : मंग निळं?

रीना : झटका इतका फटकन बसला, का गरमीले पसरायले वेळच नाही भेटला. एका बारीक पट्टीत साचली. तिथलं लोखंड नरम झालं, म्हणून तिथंच सरकलं. सरकलं तसं आणखी तापलं, आणखी नरम झालं. बाकी पिन थंडच. बाजूचं ग्रीस बी जळलं नाही.

लक्ष्मणराव : हे तुले धनंजयनं तर नाही पढवलं?

रीना : बाबा! तुमच्या भेवानं मी त्याच्याशी बोलत बी नाही. काहीतरी कडक अडकलं असन ड्रमात. उघडून पाहिला?

लक्ष्मणराव : कोणाले हात लावू देत नाही मी. पोलीसच उघडतीन.

ललिताबाई : पोलीस नको.

रीना : काहून, आई?

ललिताबाई : धानाच्या पुंजण्यात, त्या भाऱ्यांच्या ढिगात, म्या नांगराचा फाळ खोचला होता. नजर लागू नये म्हणून. मळणीच्या आधी काढाचा राहून गेला.

लक्ष्मणराव : कोणाची नजर?

ललिताबाई : जाऊबाईची, धनंजयच्या मायची. कापणीच्या वक्ती बांधावर उभी राहून पाहून राहिली होती. माह्या मनात आलं, आता हिच्या पोटात दुखते.

(लक्ष्मणराव झाकण उघडून ड्रममध्ये हात घालतात.)

लक्ष्मणराव : हाच हाय. वाकला पार. अन् म्या सकाळी चौकात, साऱ्यांसमोर त्या पोराले नाही नाही ते बोललो.

रीना : मंग आता?

लक्ष्मणराव : आता काय! चौकात बोललो, तर चौकातच जाऊन सांगतो. लाज वाटते, पण जातो.

ललिताबाई : थांबा, मी बी येतो. फाळ माहा, सांगन बी मीच.

लक्ष्मणराव : फाळाचं सांग. कोणाच्या नजरेपायी ठेवला, ते नको सांगू.

ललिताबाई : ते जाऊबाईले न सांगताच समजन.