बार्तोलोमेओ कानेपा यांच्या खुणेच्या दगडाबाबत

नाव : मार्त्सिया ओनेतो. वय : २८ वर्षे. व्यवसाय : डोंगरउतार व आधारभिंतींची तांत्रिक मोजणी. राहणार : तिसरा मजला, स्टेशनमागची गल्ली, कियावारी.

रिवासेका पोलीस ठाणे, १४ ऑक्टोबर, दुपारी ४.१०.

मी समक्ष हजर राहून सांगते की, काल सकाळी रिवासेका ते कालाब्रूना या खालच्या पायवाटेवर द्राक्षमळ्याची भिंत कोसळून माझी मैत्रीण ओर्नेला फेर्रांदो, वय २९, बेपत्ता झाली. मळ्याचे मालक बार्तोलोमेओ कानेपा, वय ७४, यांनी धोक्याची खूण ठेवली नव्हती असा संशय असून त्यांना सकाळपासून ठाण्यात बसवले आहे, असे मला सांगण्यात आले. त्याबाबत माझे म्हणणे पुढीलप्रमाणे.

मी, ओर्नेला व दुच्चो रावेरा कॉलेजपासूनचे मित्र आहोत. दरवर्षी द्राक्षांची तोडणी उरकली की आम्ही चार दिवस किनाऱ्यावरच्या गावांतून पायी फिरतो. या वेळी आधीचे तीन दिवस पाऊस झाला होता.

सकाळी ८.४० वाजता मी रिवासेकातील बारमध्ये कॉफी घेत होते. ते दोघे शेजारच्या बेकरीत वाटेसाठी फोकाच्चा पाव घेत होते. तिथेच बसलेल्या कानेपा यांनी मला विचारले, "कुणाच्या घरची गं तू?" मी आजोबांचे गाव सांगितले, वाल्लेरोत्ता. ते म्हणाले, "म्हणजे भिंती रचणाऱ्यांतली. मग तुला काय सांगायचं! खाली माझ्या भिंतीला पोट आलंय. खूण ठेवलीय. दिसली की वरच्या वाटेनं जा." मी "बरं काका" म्हणाले. सोबतच्या दोघांना हे सांगितले नाही. खूण दिसेल तेव्हा सांगता येईल, असे मला वाटले.

आमच्या भागात मातीचुन्याशिवाय रचलेल्या भिंतीला पोट आले, म्हणजे ती मधे फुगली, की मालक तिच्याच माथ्यावरचा एक दगड काढतो, त्याच्या एका अंगाला चुना फासतो आणि पांढरी बाजू वर करून वाटेच्या मधोमध ठेवतो. माझे आजोबाही ठेवत. तो दगड कुणी हलवत नाही.

वाटेत मी दोनदा भिंतींपाशी थांबले. दुच्चो म्हणाला, "झालं, बसली परत भिंतीची नाडी बघत." ओर्नेला म्हणाली, "अगं बाई, सुट्टीवर आहेस ना? मग भिंतींनाही दे की सुट्टी." त्यानंतर मी मोजपट्टी पिशवीत ठेवली. भिंतींचा विषय काढला नाही.

कानेपा यांच्या मळ्याच्या वळणावर वाटसरूंनी रचलेला दगडांचा ढीग आहे. जाणारा प्रत्येक जण त्यावर एक दगड ठेवतो. ओर्नेला व दुच्चो यांनी ठेवले. तिथली वाट रानडुकरांनी उकरली होती. उकरलेल्या मातीत मधोमध एक दगड पडला होता, वरून नुसता मातकट, वजन अंदाजे सहा किलो. मी तो उचलून ढिगाच्या माथ्यावर ठेवला. दुच्चोने फोटो काढला. त्यावर वेळ १०.५२ आहे. फोटोत मी हसते आहे.

ओर्नेला पुढे गेली. मी हात पुसायला गेले तेव्हा दोन्ही तळव्यांना ओला चुना लागलेला दिसला. दगड कोणता होता ते मला तेव्हा कळले.

भिंत समोरच सुरू होत होती. खात्री केल्याशिवाय धोका जाहीर करायचा नाही, अशी माझ्या कामातली सवय आहे. मी मोजपट्टी व ओळंबा काढला. फुगवटा ३१ सेंटिमीटर भरला. मी पुन्हा मोजले. तेवढाच भरला.

ओर्नेला सुमारे चाळीस मीटर पुढे, त्याच भिंतीखाली थांबली होती. ती ओरडली, "ए मोजणीबाई, फोकाच्चा संपतोय हं. तुझा वाटा मी खाणार." मी म्हणाले, "थांब, एक मिनिट." ती थांबली. एकमेकींचे बोलणे स्पष्ट ऐकू येत होते.

१०.५६ वाजता तिच्या बाजूची अंदाजे बारा मीटर भिंत पायवाटेसह समुद्राकडे गेली. माझ्यामागे ढिगापाशी असलेल्या दुच्चोने मदतीसाठी फोन केला. जबाब लिहून होईपर्यंत ओर्नेलाचे एक जाकीट मिळाले आहे. तिची आई बाहेर बाकावर बसली आहे.

कानेपा ११.३० च्या सुमारास तिथे आले. त्यांनी आधी वाटेवर पाहिले, मग ढिगाकडे, मग माझ्या हातांकडे. चौकशीत ते "खूण होती" एवढेच सांगतात, असे अंमलदारांकडून कळले.

खूण होती. ती मी हलवली. दगड ढिगाच्या माथ्यावर आहे, पांढरी बाजू खाली. तो ताब्यात घ्यावा आणि कानेपा यांना घरी जाऊ द्यावे.

हा मजकूर अंमलदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. "सुमारे पाच मिनिटांनी" असे लिहिले होते, तिथे माझ्या सांगण्यावरून १०.५६ ही वेळ घातली. "मैत्रिणीस सावध केले" हे वाक्य मी खोडायला लावले. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.

सही : मार्त्सिया ओनेतो